शीर्षकाचे गुण आणि परिचयाचे गुण यांची बेरीज करावी का?

ग्रंथसूचक: ग्रंथालयाच्या सूचीसाठी मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये शोध लिहिताना अनेक जण शीर्षक आणि परिचय यांचे वेगळे फुल-टेक्स्ट इंडेक्स (मजकुरातील शब्द शोधण्यासाठीच्या सूची) करतात, शीर्षकाच्या गुणांना, म्हणजे ते शोधाशी किती जुळते याच्या आकड्याला, पाचने गुणतात आणि बेरजेच्या क्रमाने पुस्तके दाखवतात. ही बेरीज करू नये, असे माझे ठाम मत आहे. इनोडीबी या मायएसक्यूएलच्या साठवण-यंत्रणेत शब्द जितक्या वेळा आला, ती संख्या गुणिले त्याच्या दुर्मिळतेचा वर्ग, असे गुण निघतात. दुर्मिळता म्हणजे एकूण नोंदी भागिले तो शब्द असलेल्या नोंदी, याचा १० पायाचा लॉगरिदम. समजा १०,००० पुस्तकांपैकी १० शीर्षकांत आणि १,००० परिचयांत ‘कोकण’ आहे. शीर्षकातील एका उल्लेखाला ९ गुण मिळतात, परिचयातील उल्लेखाला १. आपण पाचपट वजन दिले असे समजतो, प्रत्यक्षात ते पंचेचाळीसपट पडते, आणि शब्द बदलला की हे प्रमाणही बदलते. त्याऐवजी शीर्षक आणि परिचय या दोन्ही शोधांच्या याद्यांतील क्रमांक घेऊन १ भागिले (६० अधिक क्रमांक), अशा अपूर्णांकांची बेरीज करावी. ही पद्धत कॉर्मॅक, क्लार्क आणि ब्यूटशर यांनी २००९ मध्ये मांडली.

पानशोध: मला हे पटत नाही. आपल्याच उदाहरणात दहाही शीर्षकांत ‘कोकण’ एकदाच आले असेल, तर सर्वांना ९ गुण आहेत. मग पहिले कोण आणि दहावे कोण? डेटाबेस जो क्रम देईल त्यावरून एकाला १/६१ आणि दुसऱ्याला १/७० मिळेल. म्हणजे जिथे फरकच नव्हता, तिथे आपण तो निर्माण केला. उलट परिचयात १२ उल्लेख असलेले पुस्तक आणि ३ उल्लेख असलेले पुस्तक लागोपाठ आले, तर त्यांच्यातील खरा फरक पुसला जातो.

ग्रंथसूचक: पहिला आक्षेप मान्य आहे, समान गुणांना समान क्रमांक द्यायलाच हवा. दुसरा मात्र मान्य नाही. इनोडीबीचे हे सूत्र मजकुराची लांबी पाहत नाही, त्यामुळे वजन न लावल्यास निव्वळ लांबलचक परिचयाला १२ गुण मिळून तो ९ गुणांच्या शीर्षकावर मात करतो. असा फरक पुसला गेलेलाच बरा.

ओळवाचक: मग दोष बेरजेचा नसून ती उशिरा करण्याचा आहे. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या एफटीएस५ या मजकूर-शोधाच्या सुविधेत बीएम२५ हे गुण काढण्याचे सूत्र वापरताना प्रत्येक स्तंभातील (शीर्षक, परिचय) उल्लेखांना आधी वजन लावून ते एकत्र केले जातात आणि नंतर संपूर्ण नोंदीचे गुण एकदाच काढले जातात, म्हणून दुर्मिळताही एकच राहते. सरासरी लांबीच्या नोंदीत, वजन १ असताना, १२ उल्लेखांचे गुण एका उल्लेखाच्या केवळ दुप्पट होतात. ही मूल्ये ऋण असतात, त्यामुळे क्रम चढता लावावा.