मुलांचा आवाज घेतला, पण त्याचा अर्थ कोणी लावायचा?

पिंपळपान (धागाकर्ती)

किशोरवयीन मुलंमुली, लिंगभाव आणि माध्यमं अशा विषयावरच्या एका संशोधनात मी सहायक होते. ध्वनिमुद्रणं ऐकायची आणि शब्दांकन करायचं, हे माझं काम. ते करता करता माझं एक मत पक्कं होत गेलं. ते मांडते, विरोध असेल तर मोकळेपणाने लिहा.

मत असं: विद्यार्थ्यांचं बोलणं संशोधनात वापरायचं असेल, तर त्याचा आपण काढलेला अर्थ छापण्याआधी त्यांच्यासमोर ठेवायलाच हवा. त्यांना तो पटला नाही, तर त्यांची हरकत आपल्या निष्कर्षाशेजारीच छापली पाहिजे.

हे कशावरून म्हणते ते सांगते. चौदा-पंधरा वर्षांच्या सहा जणांची गटचर्चा होती, तीन मुली आणि तीन मुलगे. मुलींच्या फोटोंखाली येणाऱ्या कमेंटबद्दल बोलणं चाललं होतं. एका मुलीला विचारलं, "असं कुणी लिहिलं तर तू काय करतेस?" ती म्हणाली, "काही नाही. मला फरक पडत नाही." अहवालात हे वाक्य अवतरणचिन्हांत आलं आणि त्याखाली लिहिलं गेलं की मुली अशा शेऱ्यांना भीक घालत नाहीत, त्यांच्यात कणखरपणा दिसतो.

ते रेकॉर्डिंग मी दहा वेळा तरी ऐकलंय. प्रश्न संपल्यावर सात सेकंद कुणीच बोलत नाही. मग एक मुलगा नाकातल्या नाकात हसतो. खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. त्यानंतर ती म्हणते, "काही नाही." मी शब्दांकनात ती शांतता लिहिली होती, हसणंही नोंदवलं होतं. अहवालात जागा वाचवताना दोन्ही कापलं गेलं. मी हरकत घेतली तर "विश्लेषण तुमच्याकडे नाही" असं सांगण्यात आलं. ती मुलगी कणखर होती, घाबरली होती की आमच्या प्रश्नांना कंटाळली होती, हे मलाही सांगता येणार नाही. ती सांगू शकली असती. तिला कुणी विचारलं नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं १२ वं कलम म्हणतं की मुलांना आपल्याशी संबंधित बाबींवर मत मांडायचा हक्क आहे आणि वय व समज पाहून त्या मताला योग्य वजन दिलं पाहिजे. बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये या कलमाचे चार भाग उलगडून दाखवले: बोलायला सुरक्षित जागा, आवाज, ऐकणारं माणूस आणि त्या बोलण्याचा निर्णयावर प्रभाव. आमच्या अभ्यासात रेकॉर्डर सुरू झाला म्हणजे आवाज मिळाला असं धरलं गेलं. जागा किती सुरक्षित होती ते त्या सात सेकंदांवरून कळतं. उरलेल्या दोन गोष्टींचा विषयही निघाला नाही.

अर्धविराम

तुमची कळकळ पोचली, पण मी असहमत आहे. तुम्ही सांगितलेली चूक विश्लेषणाची आहे. शांतता आणि हसणं गाळून अवतरण देणं हे वाईट संशोधन झालं. चांगल्या संशोधकाने ते तिथल्या तिथे पकडलं असतं, मुलीकडे परत न जाता.

माझी खरी अडचण पुढे आहे. माध्यमांबद्दल माणसं स्वतःविषयी जे सांगतात ते जसंच्या तसं घेता येत नाही. समाजशास्त्रज्ञ डेव्हिसन यांनी १९८३ मध्येच मांडलं होतं की माध्यमांचा परिणाम आपल्यापेक्षा इतरांवर जास्त होतो असं माणसं धरून चालतात. मुलंही तेच करतात. "मला काही होत नाही, लहान मुलांवर परिणाम होतो" हे वाक्य नऊ वर्षांचं मूलही म्हणतं, आणि त्याच्या मनात सहा वर्षांची भावंडं असतात. डेव्हिड बकिंगहॅम यांनी मुलांच्या टीव्हीबद्दलच्या गप्पांचा अभ्यास करून दाखवलं की मोठ्यांसमोर बोलताना मुलं टीकाकाराची भूमिका घेतात, कारण त्यामुळे आपण समजूतदार ठरतो हे त्यांना कळतं. म्हणजे मुलाखतीतलं उत्तर हे त्या खोलीत, त्या माणसांसमोर दिलेलं असतं. तुम्ही परत गेलात तर दुसऱ्या खोलीतलं दुसरं उत्तर मिळेल. ते पहिल्यापेक्षा खरं कशावरून?

अर्थ लावणं ही संशोधकाची जबाबदारी आहे. ती पंधरा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर टाकू नये.

कोरी पाटी

मी त्या बाजूने लिहिते, जिच्या हातात रेकॉर्डर नसतो. शाळेत असताना अशाच एका अभ्यासात बोलले होते. सही आईबाबांची घेतली, मला "चालेल ना?" एवढंच विचारलं, तेही वर्गशिक्षिका शेजारी उभ्या असताना. चाळीस मिनिटं बोलले. जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते त्या ताईंना सांगितलं, कारण त्या खरंच लक्ष देऊन ऐकत होत्या. त्यानंतर त्या परत आल्या नाहीत. माझ्या बोलण्याचं काय झालं ते आजही मला माहीत नाही. कुठल्याशा प्रबंधात मी "सहभागी ७" वगैरे असेन.

अर्धविराम, जबाबदारी खांद्यावर टाकू नका म्हणता, पण मला ती हवी होती.

टिपकागद

या वादातलं एक जुनं उदाहरण आठवलं. ते दोन्ही बाजूंना अडचणीचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पॉल विलिस यांनी इंग्लंडमधल्या कामगार वस्तीतल्या बारा मुलग्यांबरोबर वावरून अभ्यास केला, तो १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेला न जुमानणारी ही मुलं शेवटी स्वतःहून कारखान्यातल्या कामाकडे कशी जातात, हा विषय. विलिस यांनी धाग्यात मागितलंय त्याच्या बरंच जवळ जाणारं काहीतरी केलं होतं. कच्चा मसुदा त्यांतल्या काही मुलांना वाचायला दिला आणि त्यावरची चर्चा परिशिष्टात छापली. मुलांचं म्हणणं साधारण असं की आमच्याबद्दलचा भाग कळला, मधला मधला कळला नाही. मधला भाग म्हणजे सिद्धान्त, म्हणजेच विलिस यांनी लावलेला अर्थ. तेव्हा परत जाऊनही जिथे हरकत घ्यायची तिथपर्यंत मुलं पोचली नाहीत.

आणि आता लिंगभावाचा मुद्दा. १९८० मध्ये अँजेला मॅकरॉबी यांनी याच अभ्यासावर बोट ठेवलं. ही मुलं मुलींबद्दल आणि बायकांबद्दल ज्या भाषेत बोलतात, त्यातला हिंसकपणा विलिस यांनी पुरेसा तपासला नाही, असं त्यांचं म्हणणं. मॅकरॉबी आणि जेनी गार्बर यांनी १९७६ मध्येच विचारलं होतं की तरुणांच्या संस्कृतीवरच्या एवढ्या लिखाणात मुली आहेत कुठे? संशोधक रस्त्यावर, कोपऱ्यावर जात होते, आणि तिथे मुलगे भेटत होते. मुलींचं जग बऱ्याच अंशी घरात, खोलीत, मैत्रिणींबरोबर मासिकं वाचण्यात आणि गाणी ऐकण्यात होतं.

आता सांगा, बारा मुलांनी मसुद्यावर पसंतीची मोहोर उठवली असती तर ही उणीव दिसली असती का? उलट ती आणखी पक्की झाली असती. ज्यांच्याबद्दल ती मुलं बोलत होती त्या मुली बैठकीत नव्हत्याच. पिंपळपान, तुमच्या गटचर्चेत हसलेल्या मुलालाही निष्कर्ष दाखवाल ना? त्याने "मी सहज हसलो" म्हटलं तर तेही शेजारी छापाल?

पिंपळपान

हो, छापेन. त्या मुलाचं "सहज" मला वाचायला हवंच आहे. सहज हसता येणं हाच तर अभ्यासाचा विषय होता.

विलिस यांच्या उदाहरणाने मात्र मला थांबून विचार करायला लावला. मसुदा पुढे टाकून "वाचा आणि सांगा" म्हणणं पुरेसं नाही, हे मान्य. आपला अर्थ त्यांच्या भाषेत सांगता आला पाहिजे. "तू म्हणालीस फरक पडत नाही, आम्ही त्यावरून तुला कणखर म्हटलं, बरोबर आहे का?" हे कळायला सिद्धान्त लागत नाही.

अर्धविराम, दुसरं उत्तर पहिल्यापेक्षा खरं असेल असा माझा दावा नाही. दोन्ही उत्तरं दिसू देत, एवढंच मागते आहे. आज वाचणाऱ्याच्या हाती एकच उत्तर येतं, तेही कापलेलं.

रातवा

मी शाळेत समुपदेशन करते. तुम्ही सगळे निष्कर्ष बरोबर की चूक यावर बोलताय, मला दुसरी काळजी आहे. परत जाण्यानेही मुलींचं नुकसान होऊ शकतं. सहा जणांच्या गटात नाव बदलून काय होतं? अवतरण वाचलं की कोण बोललं ते बाकीच्या पाचांना लगेच कळतं. त्या मुलीने नंतर "खरं तर मी घाबरले होते" असं सांगितलं आणि ते छापून सगळ्यांसमोर आलं, तर उद्या वर्गात तिच्या शेजारी तोच मुलगा बसणार आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०२१ मध्ये डिजिटल जगातल्या मुलांच्या हक्कांवर टिपणी काढली, तेव्हा २८ देशांतल्या ७०९ मुलामुलींशी आणि तरुणांशी बोलून मतं घेतली होती. तिथे कोण काय बोललं ते शेजारच्या बाकावर कळत नाही. वर्गाएवढ्या अभ्यासात तसं लपता येत नाही. परत जायचंच असेल तर एकेकट्याकडे जा, आणि "हे छापू नका" म्हणायची मुभा आधी द्या.

अर्धविराम

रातवा यांचा मुद्दा पटला. टिपकागद यांचं उदाहरण मी यापुढे माझ्या विद्यार्थ्यांना सांगेन. एकेकट्याला भेटून आपला अर्थ तोंडी सांगणं आणि त्याचं म्हणणं टिपून घेणं, इथपर्यंत मी येतो. स्वतःचं वाक्य मागे घ्यायचा हक्कही मान्य. निष्कर्ष पुसून टाकायचा अधिकार मात्र देणार नाही. मुलग्यांच्या गटाने "आम्ही मुलींना त्रास देत नाही" असं एकमुखाने म्हटलं, तर मला त्याच्या विरुद्ध लिहिता आलं पाहिजे.

पिंपळपान

पुसायचा अधिकार मी मागितलाच नव्हता, तेव्हा तिथे आपलं जुळतंय. रातवा, आधी मुलीला विचारायचं, मग छापायचं की नाही ते ठरवायचं, ही दुरुस्ती मी माझ्या मूळ मतात करून घेते.

एक अडचण उरते, वेळेची. अहवाल तयार होईपर्यंत मुलं शाळा सोडून गेलेली असतात. म्हणून परतभेट शब्दांकनानंतर पंधरा दिवसांत व्हावी आणि तिचे दिवस संशोधनाच्या अर्जातच मागून घ्यावेत, असं मला वाटतं. कोरी पाटी, तुमच्याकडे तेव्हा कुणी परत आलं असतं, तर तुम्हाला आधी काय विचारलेलं आवडलं असतं?

कोरी पाटी

"त्या दिवशी तुझ्या वर्गशिक्षिका शेजारी उभ्या नसत्या, तर तू हो म्हणाली असतीस का?"