मदत हवी आहे: इतकी वर्षं म्यूटंट होते कुठे?

मंडळी, मार्व्हलच्या चित्रपटविश्वात एक्स-मेनना (जन्मतःच अचाट शक्ती असलेल्या माणसांची, म्हणजे म्यूटंटांची टोळी) आणणारी फॅन-कथा लिहायला घेतलीय आणि पहिल्याच पानावर गाडी अडलीय. खलनायक थॅनोसने चुटकी वाजवून विश्वातले निम्मे जीव संपवले तेव्हा हे म्यूटंट काय झोपले होते? 'इटर्नल्स'मधल्या (२०२१) अमर वीरांबद्दल हाच प्रश्न आला तेव्हा उत्तर होतं, 'माणसांच्या भांडणात पडायचं नाही असा हुकूम होता.' सात हजार वर्षं पृथ्वीवर राहून! मला ती पळवाटच वाटली. 'फँटास्टिक फोर'ची (२०२५) गोष्ट सरळ वेगळ्या विश्वात घडवली, ते सोपं. पण म्यूटंटांच्या गोष्टीचा जीव लोक त्यांचा करतात त्या तिरस्कारात आहे, तो एका रात्रीत कुठून आणू? याच विश्वातली नेमोर आणि कमला खान ही पात्रं म्यूटंट असल्याचं २०२२मध्येच कळलंय. तोच धागा धरू, की आणखी काही सुचतंय?