'समकालिक', 'विरोधाभास' आणि 'दिसणे'

प्रश्न : विशिष्ट सापेक्षतेबद्दल (आइन्स्टाइनच्या १९०५च्या सिद्धांताबद्दल) लिहिताना 'पॅराडॉक्स'ला विरोधाभास म्हणावं की विसंगती? 'सायमल्टेनिटी'ला, म्हणजे दोन घटना एकाच वेळी घडण्याला, समकालीनता चालेल का? माझं वाक्य असं आहे : 'दोन घटना एका निरीक्षकाला एकाच वेळी दिसतात, दुसऱ्याला दिसत नाहीत.'

प्रतिसाद १ : विरोधाभासच. वरवर विरोध, मुळात नाही. अलंकारातला अर्थ इथे तंतोतंत बसतो. विसंगती म्हटलं तर सिद्धांतातच खोट आहे असं वाटेल. समकालीन मात्र नको, तो एका काळातल्या माणसांसाठी. समकालिकता लिहा.

प्रतिसाद २ : 'एकसमयावच्छेदेकरून' हा अर्थाने नेमका, पण दर दोन ओळींना कोण लिहिणार!

प्रतिसाद ३ : मला 'दिसतात' हे क्रियापद जास्त खटकतं. त्यामुळे वाचकाला वाटतं, प्रकाश उशिरा पोचल्यामुळे गफलत होतेय. तसं नाही. प्रकाशाच्या प्रवासाचा वेळ वजा केल्यावरही फरक उरतो, आणि आइन्स्टाइनच्या १९०५च्या लेखाचा गाभा तोच आहे.

उदाहरण घ्या : १० मीटरची काठी प्रकाशाच्या ०.८६६ पट वेगाने ५ मीटरच्या कोठारातून जाते. धावती वस्तू धावण्याच्या दिशेने आखूड भरते, म्हणून कोठाराच्या मापाने काठी ५ मीटर भरते. दोन्ही दारं क्षणभर एकदम लावली तर ती बरोबर आत मावते. काठीच्या मापाने मात्र कोठारच धावतंय, म्हणून तेच अडीच मीटरचं! मग मावली कशी? काठीच्या हिशेबात दारं एकदम लागतच नाहीत. पुढचं लागून उघडतं, मागचं सुमारे २९ नॅनोसेकंदांनी लागतं. तेवढ्यात कोठार साडेसात मीटर सरकतं, म्हणजे १० वजा अडीच. विरोध तिथेच मिटतो. धावत्या वस्तूची लांबी मोजायची म्हणजे दोन्ही टोकं एकाच क्षणी टिपायची. 'एकाच क्षणी' बदललं की लांबीही बदलणारच.

'दिसणं' हा वेगळाच विषय आहे. प्रकाशाच्या जवळपास वेगाने जाणाऱ्या गोळ्याची कडा डोळ्याला गोलच दिसते, हे पेनरोझ आणि टेरेल या शास्त्रज्ञांनी १९५९मध्ये दाखवलं. मोजमापात मात्र तो चपटा भरतो.

म्हणून : 'एका संदर्भचौकटीत समकालिक असलेल्या दोन घटना दुसरीत समकालिक असतीलच असं नाही.' (संदर्भचौकट म्हणजे ज्याच्या मापाने मोजतो ते, वर कोठार किंवा काठी.)

प्रश्नकर्ता : 'निरीक्षक' काढूनच टाकू?

प्रतिसाद ३ : या वाक्यातून तरी काढाच. निरीक्षक आला की मागोमाग डोळा येतो आणि पुन्हा 'दिसतं' लिहिलं जातं.