ब्लेंडेड आणि राय व्हिस्की, दोन्हींबद्दल थोडंसं

ब्लेंडेड व्हिस्की म्हणजे दुय्यम आणि राय (गव्हासारख्या राय धान्याची व्हिस्की) म्हणजे नुसती जळजळ, असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटलं नाही. ब्लेंडेड स्कॉचमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या मिश्र व्हिस्कीत, माल्टसोबत (मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की) ग्रेन व्हिस्की (गहू, मका अशा धान्यांची) असते, दोन्ही ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरलेल्या, आणि त्या जुळवून दरवेळी तीच चव आणणं हे भारी कौशल्याचं काम आहे राव. जॉनी वॉकर ब्लॅक लेबल ही ब्लेंडेड स्कॉच घ्या, त्यातली प्रत्येक व्हिस्की किमान १२ वर्षांची, ग्लास नाकाजवळ नेला की आधी व्हॅनिला आणि सुकामेवा, धूर मागून हळूच येतो, गिळल्यावरच नीट कळतो, बर्फ टाकला की तो दबतो म्हणून मी टाकतच नाही.

रायचं गणित वेगळं. अमेरिकन राय म्हणजे धान्यात किमान ५१% राय आणि पिंप नवं, आतून जाळलेलं, त्यामुळे मिरी, लवंग, कॅरॅमल सगळं एकदम अंगावर येतं. रिटनहाउस ही अमेरिकन राय तर ५०% अल्कोहोलची, तशीच घेऊन जीभ बधिर झाली तर चव कुठून लागणार, चमचाभर पाणी घाला, दोन मिनिटं थांबा, मग बघा. कॅनडात मात्र लेबलवर राय लिहायला ५१%ची अट नाही, तेव्हा तिथली एखादी हलकी बाटली पिऊन सगळ्या रायबद्दल मत बनवू नका. आणि एकाच बैठकीत दोन्ही चाखणार असाल तर स्कॉच आधी, राय नंतर.