बिल्डिंगच्या मधोमध चौकोनी भोक: मायामीची ही इमारत कोणती?

होटगीरोडकर
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात एक दहा मजली स्कीम बघायलोय. ब्रोशरवर बिल्डिंगच्या मधोमध आरपार चौकोनी भोक दाखवलंय, त्यात एक झाड आणि लाल गोल जिना. सेल्सचा पोरगा म्हणाला, "सर, मायामीचं डिझाइन आहे, वर्ल्ड फेमस." पुढं विचारलं तर थेट बुकिंग अमाउंटवर आला. मूळ इमारत कोणती? आणि भोक कशासाठी? आमचे वडील म्हणायलेत, तेवढ्यात चार फ्लॅट बसले असते की.

शेंगाचटणी
अटलांटिस. मायामी व्हाइस मालिकेच्या सुरुवातीला दिसायची. त्यामुळंच गाजली बे, नाहीतर कोण विचारतंय.

कंपासपेटी
मालिकेनं घरोघरी पोचवली हे खरं, पण मालिका १९८४ ची आणि इमारत १९८२ ची. आर्किटेक्टोनिका नावाच्या आर्किटेक्ट फर्मचं काम. १९७७ मध्ये मायामीत काही तरुणांनी मिळून ती काढली, त्यात पेरूच्या लिमा शहरातून आलेले बर्नार्डो फोर्ट-ब्रेशिया आणि त्यांच्या पत्नी लॉरिंडा स्पिअर. गंमत म्हणजे याच टोळीतले आंद्रेस दुआनी आणि एलिझाबेथ प्लेटर-झायबर्क लवकरच बाहेर पडले आणि फ्लोरिडातच सीसाइड हे गाव आखलं: लाकडी घरं, पुढं ओसरी, चालत फिरण्याजोगे रस्ते. एका फर्ममधून दोन अगदी उलट वाटा निघाल्या.

आता भोक. इमारत २० मजली, ९६ फ्लॅटची. साधारण ३०० फूट लांब आणि जेमतेम ३७ फूट रुंद, म्हणजे उभी ठेवलेली पाटीच. एवढा लांबलचक सपाट पृष्ठभाग नुसताच उभा केला असता तर कुणी मान वर करून बघितलं नसतं. म्हणून बाराव्या मजल्यापासून वर ३७ फुटांचा घन कापून काढला आणि तिथं सगळ्या रहिवाशांसाठी अंगण केलं. पिवळी भिंत, लाल गोल जिना, गरम पाण्याचं कुंड, एक पामचं झाड. कापलेला तुकडा खाली पडलाय असं वाटावं म्हणून तेवढाच एक घन जमिनीवर ठेवला, त्यात व्यायामशाळा. शिवाय गच्चीवर लाल त्रिकोण. इमारतीचा प्रत्येक भाग कामाचाच हवा, नटवेपणा नको, या आधीच्या पिढीच्या शिस्तीला ही उघड वाकुली होती. पोस्टमॉडर्न म्हणतात ते हेच. मला ती वाकुली आवडते. आपल्याकडं वाकुलीची नक्कल होते, हे मात्र आवडत नाही.

ब्रोशरवाले सांगणार नाहीत ते असं. ती पाटी मायामीलगतच्या बिस्केन उपसागराकडं आडवी नाही, अरुंद टोक पाण्याकडं करून उभी आहे. लांब बाजूंची तोंडं उत्तरेला आणि दक्षिणेला, अरुंद टोकांची पूर्वेला आणि पश्चिमेला. त्यामुळं सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन जास्त करून अरुंद टोकांवर पडतं. दक्षिणेच्या काचेपुढं निळी मोठी चौकट आहे, तिची थोडीफार सावली मिळते. सोलापूरला मे महिन्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर असतो, दक्षिणेचा तसा त्रास नाही. भाजते ती पश्चिमेची भिंत, आणि रात्री दहालाही हात लावला तर कळतं. तुमच्या प्लॉटची लांब बाजू कुठल्या दिशेला आहे?

होटगीरोडकर
लांब बाजू रस्त्याला, म्हणजे पश्चिमेला. भोकही तिकडंच तोंड करून. 😐

टिळकचौक
भोकाचंच कौतुक असेल तर मुंबईत कंबाला हिलवरची कांचनजंगा ही इमारत बघा, आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया, १९८३. कोपऱ्याकोपऱ्याला दोन मजली उंच गच्च्या कोरून काढल्यात. मुंबईत हवा पश्चिमेची, समुद्राचं दृश्य पश्चिमेला, पण पाऊस आणि ऊनही तिकडनंच. म्हणून जुन्या बंगल्यासारखी व्हरांड्याची जागा आत घेतली. तिथं भोकाला कारण आहे.

कंपासपेटी
बरोबर बोललात. फरक एवढाच, कांचनजंगातली गच्ची ज्याच्या त्याच्या फ्लॅटची आणि अटलांटिसचं अंगण सगळ्यांचं. सगळ्यांचं म्हणजे सोसायटीच्या मेंटेनन्समधलं, हे ध्यानात असू द्या.

होटगीरोडकर दादा, बिल्डरकडं ब्रोशर नको, सेक्शन ड्रॉइंग मागा, म्हणजे इमारत उभी कापल्यावर आत कशी दिसेल तो नकाशा. भोकावरचे मजले कशावर टेकलेत ते बघा. कॉलम खालपर्यंत आलेत, का मोठ्या बीमवर उचलून धरलेत? झाडाला माती किती खोल, पाणी कुठून येतं आणि कुठं जातं? कुंडीखालचं वॉटरप्रूफिंग गेलं की खालच्या फ्लॅटच्या बेडरूमला ओल येणार, आणि दुरुस्तीचं बिल कुणाचं यावर सोसायटीच्या तीन सभा जाणार. आणि वडिलांना सांगा, चार फ्लॅट तिथं बसले नाहीत तरी बिल्डरनं ते दुसरीकडं बसवलेले असतात. एकूण फ्लॅट किती, तेही विचारा.

शेंगाचटणी
आणि खाली तो पडलेला तुकडा देणार का, तेपण विचार. व्यायामशाळा तरी मिळंल.

होटगीरोडकर
विचारलं फोनवर. तिथं ट्रान्सफॉर्मर बसवायलेत म्हणे. सेक्शन ड्रॉइंग सोमवारी देतो म्हणालाय, आलं की इथं टाकतो.