फोर-लिंक बसवताना बोल्ट कधी आवळायचे?
१९६७ च्या शेव्हरोले कॅमॅरोचे मूळ पाटे (लीफ स्प्रिंग) काढून फोर-लिंक किट, म्हणजे मागचा अ‍ॅक्सल चार दांड्यांनी (आर्मनी) गाडीला जोडणारी रचना, बसवलं की रेस दिल्यावर मागचा अ‍ॅक्सल पिळवटायचा थांबतो, हे एका पोस्टमध्ये वाचलं, ते अगदी खरं. त्या वर्षी मागे एकेरी पातीचे पाटे यायचे, जोरात निघताना चाकं उड्या मारायची. म्हणूनच १९६८ साली शेव्हरोलेने मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर एक अ‍ॅक्सलच्या पुढे, एक मागे असे केले. पण गाडी स्टँडवर, चाकं अधांतरी असतानाच सगळे बोल्ट पूर्ण टॉर्कने (ठरलेल्या जोराने) आवळून टाका, हा त्याच पोस्टमधला सल्ला मला पटत नाही.

मी नेमकं तेच केलं होतं. आर्मच्या टोकांचे बुश (बोल्ट ज्यातून जातो ते गोल जोड) रबरी असतील तर रबर आतल्या-बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असतं. अ‍ॅक्सल लोंबकळताना बोल्ट आवळला की आतली नळी त्याच कोनात धरली जाते, आणि गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं. माझी गाडी मागून उंच राहिली, मी तर स्प्रिंगच बदलायला निघालो होतो! शेवटी गाडी रॅम्पवर चाकांवर उभी केली, बोल्ट सैल केले, मागून चार वेळा दाबली आणि मग आवळले. उंची जागेवर आली. पिनियनचा (इंजिनाकडून येणारा दांडा अ‍ॅक्सलमधल्या ज्या गिअरला जोडतो त्याचा) कोनही त्याच स्थितीत मोजा. पाट्यांवर पिनियनचं तोंड जरा जास्त खाली ठेवतात, कारण रेस दिली की ते वर उचलतं. फोर-लिंकमध्ये ते फारसं हलत नाही, एक-दोन अंश खाली पुरतात.