मदत हवी आहे : लाइम रोगाची तपासणी नागपुरात कुठे होते?

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण दोन वर्षं अमेरिकेत, कनेक्टिकटला होती. गोचीड चावून होणाऱ्या या आजाराला ज्या लाइम गावावरून नाव पडलं, ते त्याच राज्यातलं. परत येऊन ८ महिने झाले. तेव्हापासून गुडघा सुजतो, उतरतो, पुन्हा सुजतो. थकवा इतका की जिना चढवत नाही. धंतोलीत तीन डॉक्टर झाले. संधिवात, थायरॉइड, बी-१२, सगळे रिपोर्ट नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका" म्हणतात. तिचे हाल बघवत नाहीत हो.

परवा ती बोलता बोलता म्हणाली, तिकडे जंगलात फिरून आल्यावर मांडीवर लाल चट्टा उठला होता. रोज मोठा होत गेला, खाजही नव्हती. लाइममध्ये असाच चट्टा उठतो म्हणे. गोचीड चावल्याचं तिला आठवत नाही, पण गोचिडीची पिल्लं खसखशीएवढीच असतात. कोणी विचारलं नाही, म्हणून तिनंही सांगितलं नाही.

आधी एलायझा ही रक्ततपासणी, त्यात काही निघालं तर वेस्टर्न ब्लॉट ही दुसरी, एवढं वाचलंय. नागपुरात संसर्गजन्य आजारांचे चांगले तज्ज्ञ कोण? रक्ताचा नमुना बाहेर पाठवावा लागतो का? नुसत्या अंदाजावर महिनोन्‌महिने अँटिबायोटिक द्यायला जीव धजत नाही. कोणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया सांगा.